आकडा एक

समीक्षाने रेडिओ गांधारी सुरू केला तो महाडमधल्या एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. गिरणी दहाला घरघरायला लागायची, म्हणून कार्यक्रम सकाळी सात ते दहा. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, एक माइक, एक लॅपटॉप आणि पुण्या-नाशकाच्या पोरांनी घरात वाजवून पाठवलेलं रॉक. इंटरनेटवर कुणालाही ऐकता येईल असं. ज्यांच्याबरोबर हे ठरवलं होतं ते ओंकार आणि यशराज, कॉलेजच्या बँडमधले दोघे, नोकरीसाठी मुंबईला निघून गेले होते. पहिल्या दिवशी तिने लिंक पाठवली. दोघांचे अंगठे आले. ऐकणाऱ्यांचा आकडा शून्यच राहिला.

आईला तिने शब्द दिला होता : महिन्याभरात एकही ऐकणारा मिळाला नाही तर हे बंद, आणि एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत रुजू.

नवव्या दिवशी आकडा एक झाला. भौतिकशास्त्र शिकलेली मुलगी, तिला आधी स्वतःचाच संशय आला. तिने आपला फोन बंद केला, आईचाही केला. एक तसाच. ठिकाण दिसायचं पोलादपूर तालुका. बरोबर सातला यायचा, एक दिवस खाडा नाही. मग गाण्यांच्या मधे ती त्या एकाशी बोलायला लागली. गांधारी नदीवर आज धुकं किती होतं, अमक्या पोराची गिटारची तार ऐन रेकॉर्डिंगमध्ये कशी तुटली, बंद खोलीत आपलाच आवाज कसा परका वाटतो. घरी कुणाला सांगितलं नसतं असलं काहीबाही.

चोविसाव्या दिवशी तिने आपला नंबर सांगितला. "जे कोणी असाल, एकदा फोन करा."

पुढचं गाणं संपायच्या आत फोन वाजला.

"ती रेडिओवाली तूच का गो?" म्हाताऱ्याचा आवाज.

"हो, मीच! आपण?"

"आबाजी. आंबेनळी घाटाच्या अंगाला आमची वाडी हाय. तू मधे मधे बोलतेस ना, ते तेवढं बंद कर."

"आवडत नाही का?"

"आवडायचं काय त्यात! तू बोललीस की वानरं खाली उतरतात. पावटा शेंगेला आलाय."

मुंबईहून आलेल्या त्याच्या सुनेने शेतातल्या झाडाला स्पीकर टांगून दिला होता. आधी भजनं लावली, आठवड्यात वानरं सरावली. मग बातम्या. त्याही त्यांनी पचवल्या.

"तुझा ढणढणाट लागला की एक फिरकत नाय. लय कामाचा हाय."

"म्हणजे तुम्ही ऐकत नाही?"

"मी कशाला ऐकू? सातला बटण दाबतो नि खाली गोठ्यात येतो."

समीक्षाने पडद्याकडे पाहिलं. एक. इतके दिवस ती एका झाडाशी बोलत होती.

"तू बोलाय लागलीस की धावतो वर, दगड मारायला," आबाजी म्हणाला. "तू गप होईस्तोवर तिथंच उभा." मग त्याने विचारलं, "त्या पोराची तार तुटली म्हणालीस. मग काय केलंन त्यानं?"

"उद्या सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला तिने माइक उघडला. "आबाजी, मी आता पाच मिनिटं बोलणार आहे. वर या."

गोठ्यापासून शेतापर्यंत चढ किती, हे विचारायचं राहून गेलं होतं. तो वर पोचेपर्यंत म्हणून तिने अंदाजाने दोन मिनिटांचं एक गाणं लावलं आणि घड्याळाकडे बघत बसली.