हॉलिसचे सिंह

विद्यापीठात वन्यप्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापक इनेस विलासेन्योर यांच्या पत्राला लायमन टीगने उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंग व्हायचं होतं. आता नवं वर्षही जुनं वाटू लागलं होतं. त्यांचा प्रश्न साधा होता. ‘आपल्या शिकारी क्लबच्या पत्रकात आपण खेचरघळीत यंदा इतके पहाडी सिंह (प्यूमा) दिसल्याचं लिहिलं आहे, की त्यांना पुरतील एवढी हरणं आख्ख्या जिल्ह्यात नसावीत. आपण स्वतः काय पाहिलंत?’

लायमन गावच्या वाचनालयातून निवृत्त झालेला. क्लबचं पत्रक तोच लिहायचा, कारण बाकीच्यांना लिहिण्याचा कंटाळा होता. क्लबचा नियम एकच होता: सावज बोलवायची शिट्टी जो फुंकेल, आलेल्या प्राण्याचं नाव तोच सांगणार. पूर्वी एका कोल्ह्यावरून दोन साडूंमध्ये जन्माचा अबोला झाला, तेव्हापासून हा नियम. शिट्टी जखमी सशासारखी किंचाळायची आणि ती कायम हॉलिस बर्डेटच फुंकायचा, कारण पिकअप गाडी त्याची, कॉफी त्याची आणि आवाजही त्याचाच मोठा. त्यामुळे खेचरघळीत साधा कोल्हा आला तर तो लांडगा ठरे आणि रानमांजर आलं तर सिंहाचा बच्चा.

ऑक्टोबरात हॉलिसने शिट्टी फुंकली, तेव्हा कोयोटी, तिथला कोल्ह्याचा भाऊबंद, आलाच नाही. कड्यावरून कोआटींचा कळप उतरला. लांब नाकाचे, मुंगसाच्या वळणाचे, शेपट्या उभ्या करून शाळेच्या प्रभातफेरीसारखे. प्राण्यांना दिसू नये म्हणून तोंडाला काळं फासून, डोक्यावर झुडूप बांधून बसलेल्या हॉलिसच्या पिशवीतला बरिटो एकाने सोलून खाल्ला. दुसरा त्याच्या बुटावर चढून बसला. हॉलिसने डोळे गच्च मिटून घेतले होते.

दुपारी कॅफेत तो म्हणाला, “सिंहीण होती. हात लांब केला असता तर मिशी हाताला लागली असती.”

“काय रे पुस्तक्या, तूही होतास ना?” क्लबातल्याच ऑरिन फिस्कने विचारलं.

“तो काय बघणार?” हॉलिस म्हणाला. “चष्म्यावर बोटभर धूळ होती त्याच्या.”

लायमनने पत्रकात सिंहीण लिहिली. डोळे अधू झाल्यापासून त्याला गाडी चालवता येत नव्हती. बायको गेल्यावर घरात बोलायला कुणी नव्हतं. शनिवारी पहाटे दारात हॉलिसचा हॉर्न वाजे, तेवढाच काय तो आठवडा. हॉर्न थांबला तर मग नुसती पुस्तकांची कपाटं. म्हणून पत्र टेबलावर तसंच पडून राहिलं.

जानेवारीत हॉलिसची दाढ काढली. गालाचा फुगा झाला, शिट्टी फुंकणं शक्यच नव्हतं.

“लायमन, तू फुंक,” तो कापसाआडून बोलला. “पण नाव मी सांगणार.”

“असं कसं?” ऑरिन म्हणाला. “नियम तूच केलास की, हॉलिस.”

लायमनने शिट्टी ओठाला लावली. ससा कुठला, दमेकरी बोकडच ओरडल्यासारखा आवाज निघाला. बराच वेळ काही हललं नाही. मग, बहुधा कीव येऊनच, तोच कळप कड्यावरून उतरला आणि त्याच्या भोवती नाकं हुंगत फिरला. एक पिल्लू तर चष्म्यात स्वतःला बघून दचकलं. ऑरिन पिकअपमध्ये झोपला होता, त्यामुळे त्याला काही दिसलं नाही.

कॅफेत प्राण्याचं नाव ऐकायला सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे टोप्या काढल्या. टेबलाखालून हॉलिसचा बूट लायमनच्या नडगीवर आपटला.

“सांग ना. लाजतोस काय नवरीसारखा?” ऑरिन म्हणाला.

“कोआटी,” लायमन म्हणाला.

“मोठा?”

“मांजराहून थोडा मोठा. पुष्कळ होते.”

“आणि ऑक्टोबरात?”

लायमनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “ऑक्टोबरात शिट्टी माझी नव्हती.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं कॅफे हसलं. हॉलिस गाल धरून उठला. “पुढच्या शनिवारी चालत ये घळीत. तुझे नातेवाईक आहेतच तिथे.”

शनिवारी लायमन नेहमीच्या वेळी बूट घालून बसला. पिकअप आली, दारासमोर किंचित मंदावली आणि गेली. हॉर्न वाजला नाही. त्याने बूट काढले नाहीत. टेबलाशी बसून उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात पान भरून क्षमा मागितली होती, दुसऱ्यात हॉलिसच्या कॉफीचं कौतुक होतं. दोन्ही फाडले. प्राध्यापकबाई क्लबच्या सभासद नव्हत्या, त्यांना नियम लागू नव्हता. त्यांनी त्यालाच विचारलं होतं.

‘ऑक्टोबरातही कोआटीच होते. खेचरघळीत मी सिंह एकदाही पाहिला नाही. पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापतो.’

पोस्टापर्यंत तो चालत गेला. पाकीट पेटीच्या फटीत अर्धं घालून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग त्याने ते सोडलं. आत ते पडल्याचा आवाज झाला, आणि लगेच त्याला वाटलं, एखादं ‘बहुधा’ घालायला हवं होतं.