पाठीवरचा अंगठा

उकंडराव ओतारी गेला तो भर उन्हाळ्यात, आणि मागं ठेवून काय गेला, तर मेणाची एक देवी! आता सांगा, धामणगाव बढ्याचं ऊन आणि मेण, यांचं कधी जमलंय का? त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, ती देवी पाण्याच्या परातीत उभी केली, वर ओलं फडकं टाकलं आणि दिवसभर पाणी बदलत बसली. नवऱ्याला नेलं तेव्हा रीतीप्रमाणं बाया दारातच थांबल्या होत्या. वळणापर्यंत तिरडी दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. आता उरली ही देवी, आणि देवीच्या पाठीवर, खाली पायाजवळ, त्याच्या अंगठ्याचा ठसा.

तसा उकंडराव तऱ्हेवाईक माणूस. मेणकाम झालं की ओल्या फडक्यानं बोटाची एकूण एक खूण पुसून काढायचा. "देव दिसला पाह्यजे, ओतणारा नाई," म्हणायचा. हाच एक ठसा पुसायचा राहिला, कारण फडकं हातात घेतलं अन् छातीत कळ आली. मेणावर माती चढवायची, मातीला आच द्यायची, मेण वितळून गळून गेलं की त्या पोकळीत धातू ओतायचा, असं हे काम. म्हणजे मेणावर जे असेल तेच धातूत उतरणार. झुंबरबाईनं मनाशी ठरवलं, ठसा पुसायचा नाही म्हणजे नाही.

देवी मात्र पुष्पाबाईंची, गावातल्याच शेतकरी घरातली. त्यांची जुनी पंचधातूची भवानी सणासुदीला चिंचेनं घासून घासून नाकाडोळ्यानं सपाट झाली होती. पोराच्या लग्नाआधी तीच वितळवून नवी करायची होती. झुंबरबाईला वाटलं, बरंच झालं बाई, घर जवळ आहे. दर्शनाचं निमित्त काढून जाईन आणि हळूच पाठीमागून डोकावीन.

झुंबरबाईचा पोरगा भागवत मलकापुरात वेल्डिंगच्या दुकानात होता. तो सुट्टी काढून आला. मायलेकांनी माती चढवली, वाळवली, साचा आचेवर उलटा धरला. भोकातून मेण घमेल्यात ठिबकायला लागलं तसे झुंबरबाईनं डोळे मिटून घेतले. अरे देवा, हा त्याचा हात गळून चाललाय! तिला बघवेना. "बस बे, झालं! काढ बाहेर!" ती ओरडली.

भागवतनं काढला. मेणाच्या बाबतीत त्या घरात तिचाच शब्द शेवटचा असायचा, खुद्द उकंडरावसुद्धा तिला विचारायचा. पण मेण आत राहिलं होतं. धातू ओतला तसा साचा फुरफुरला, धूर ओकला, आणि दोघांनाही समजायचं ते समजलं.

निवल्यावर माती फोडली. देवीला तोंडच नव्हतं. तिथं नुसती फेसाळलेली खळगी. आणि पाठीमागं अंगठा असा उठला होता की रेघ न् रेघ दिसावी!

"चूक माहीच," झुंबरबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "पह्यल्यांदाच त्यायच्या कामाची माती केली म्या."

"माय, रडू नको," भागवत म्हणाला. "हे तू ठेवून घे. मी खामगावाहून दुसरा धातू आणतो. पुष्पाबाईले काय समजते?"

खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. लाजही वाटली, पण हायसं आधी वाटलं. तिनं देवी लुगड्यात गुंडाळली आणि ज्वारीच्या कोठीत खोल खुपसली.

सकाळी पुष्पाबाई आल्या. देवीसाठी शिवलेलं इवलंसं वस्त्र दाखवायला. उंबऱ्याशी टेकल्या, जरा घुटमळल्या.

"झुंबरबाई, राग नका मानू, एक विचारू का? जुनीच वितळवून राह्यले न तुमी? काई बदलत त नाई? माह्या सासूचा जलमभर हात फिरला हाय तिच्यावर. मरताना तिनं ते माह्या हाती देली. तिची दुसरी काईच खूण नाई हो माह्याजवळ."

भागवतनं मायकडं बघितलं. झुंबरबाईनं कोठीकडं.

"नाई बदलत," ती शेवटी म्हणाली. "एक डाव बिघडली, तोंड नाई उतरलं. पण धातू तुमचाच हाय, तुमचाच राहीन."

या वेळी मेणाची नवी देवी, तोंडासकट, तिनंच घडवली. पाठ, पाय, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं, स्वतःचं एक बोट उठू दिलं नाही. साच्यातलं मेण शेवटच्या थेंबापर्यंत गळू दिलं, डोळे मिटून घेतले नाहीत.

भट्टीत धातू वितळवायची मूस लाल झाली. भागवतनं चिमट्यात ती बिनतोंडाची देवी धरली आणि थांबला. "टाकू, माय?"

"आण इकडं."

तिनं देवी हातात घेतली, उलटी केली, पाठीवरच्या त्या ठशात आपला अंगठा ठेवला. त्याचा केवढा मोठा होता! तिचा आत हलत राहिला. मग तिनं भागवतच्या हातून चिमटा काढून घेतला.

"सरक जरासा," ती म्हणाली. "नेलं तवा मले कोणी येऊ देलं नाई. आता माह्या हातानं जाऊ दे त्यायले."