कडेचं झाड

फादर इनासनी पेनाच्या टोपणानं खोडावरचा निळा थर खरवडला, बोटावर घेतला आणि चष्म्याजवळ नेऊन पाहिला.

"हा मोरचूद आहे, माणिकबाई. मोरचूद आणि चुना."

"मंग दुसरं काय राहीन?" माणिकबाई म्हणाली. "मीच लावला. खोडाले रोग लागू नये म्हणून दरसाल लावतो आमी."

फादरांना वाटलं होतं, आपण मोठा शोध लावला. ते वसईकडचे, केळी कळायची, संत्री नाही. कमरेइतकी निळी-पांढरी रंगवलेली खोडं या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. गेल्या उन्हाळ्यात बोअर आटले, बागाच्या बागा सरपणात गेल्या, तेव्हा माणिकबाईची अकरा झाडं तेवढी उरली. त्यातलंच हे कडेचं. फेब्रुवारीत एकदा, चर्चची संध्याकाळची घंटा वाजत असताना, याच झाडापाशी तिला निळ्या पदराची बाई उभी दिसली होती. मरियामाय.

हे तिनं फक्त शेजारच्या सत्यवतीला सांगितलं. सत्यवतीला सांगितलं म्हणजे दवंडीच पिटली. महिनाभरात दर शनिवारी मोर्शी, चांदूर बाजारकडून माणसं माळ जपत पायी येऊ लागली. कुणी मेणबत्ती लावायचं, कुणी नारळ फोडायचं. अर्धं गाव गुडघे टेकायचं आणि अर्धं गाव पारावर बसून टिंगल करायचं. शेवटी अमरावतीहून बिशपांचं पत्र आलं, चौकशी करून कळवा. फादरांनी 'नाही' लिहिलं की बागेची वाट बंद होणार होती.

माणिकबाईला त्या गर्दीचा मोह होता. खोटं कशाला सांगा? नवरा पुंजाराम जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा सुरतेला, त्याचा फोन नाताळला यायचा. शनिवारी मात्र अंगणात चहाचं मोठं भगोनं चढायचं, सतरंजी कमी पडायची, आणि घर घरासारखं वाटायचं.

फादर बांधावर बसले आणि कागद मांडीवर घेतला.

"उजेड किती होता?"

"दिवेलागणीचा."

"म्हणजे अंधुक. आणि खोड निळं." ते म्हणाले, "लोक सांगतात, तिनं संदेश दिला. प्रार्थना करा, म्हणाली."

माणिकबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ते मीच बनवलं, फादर. लोकं मांगंच लागले, काय म्हणाली, काय म्हणाली."

"म्हणजे ती बोललीच नाही?"

"बोलली ना. 'जेवली का वो, माणिक?' म्हणे."

फादरांचं पेन थांबलं.

"असं? तुमच्या बोलीत?"

"मंग मले कोणत्या बोलीत इचारीन ते?"

फादरांना हसू आलं. पण तिच्याकडे पाहिलं आणि ते हसू तिथंच विरलं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, जेवली." ती जमिनीकडे बघत होती. "खोटं बोलली मी, फादर. दोन दिवस चूल पेटवली नव्हती."

"उपास होता?"

"उपास कायचा? एकटीसाठी कोण रांधते? पण सवय झाली होती. कोनी इचारो न इचारो, आपलं जेवली म्हनाचं." तिनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. "ते एवढी आली, इचारलं, आन मी तिच्या तोंडावर खोटं बोलली. त्याच्यापायी पुन्हा नाई आली. एवढे लोकं येतात, ते नाई येत."

"एवढ्यासाठी ती रुसत नसते, माणिकबाई."

"मंग काहून नाई आली?"

 फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षमेची प्रार्थना म्हटली. मग कागद उचलला. संदेशासाठी तिथं दोन ओळी कोऱ्या होत्या.

"हे लिहू?"

"नका लिहू. हसतीन लोकं." तिनं डोळे पुसले. "झाडच होतं, असं लिहून टाका."

"पण शनिवारी मग कुणी येणार नाही. समजतंय ना?"

"समजते."

फादरांनी लिहिलं. जाताना मोटरसायकलला दोनदा किक मारावी लागली.

रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी निर्णय वाचून दाखवला गेला. पारावरच्यांना आनंद झाला आणि सत्यवतीनं माणिकबाईशी बोलणं सोडलं. चर्चच्या माणसांनी बागेच्या वाटेवर बाभळीची काटी आणून टाकली.

शनिवारी माणिकबाईनं मोठं भगोनं काढलं, पाहिलं आणि परत फळीवर ठेवलं. लहान पातेल्यात तुरीचं वरण लावलं, दोन भाकरी टाकल्या, हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला. खूप दिवसांनी तिला भूक लागली होती. सकाळपासून तिनं मुद्दाम काही तोंडात घातलं नव्हतं.

दिवेलागणीला ताट वाढून, वर दुसरं झाकून ती कडेच्या झाडापाशी येऊन बसली. खोडावर फादरांनी खरवडलेली खूण तशीच होती. खाली जुन्या मेणाचे थेंब चिकटले होते. वाटेवर कुणी नव्हतं.

घंटा सुरू झाली. माणिकबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि ताट मांडीवर सरळ धरलं.

"नाई, माय," ती हळूच म्हणाली, नीट जमतंय का ते पाहायला. "नाई जेवली अजून."

घंटा संपली. भाकरी निवत होती, तरी तिनं ताटावरचं झाकण काढलं नाही.