दोऱ्यानं घेतलेलं माप

हिंदी मुलखातल्या गुढियारीत मालधक्क्यामागच्या गल्लीत गुलाबरावांची लोखंड कातायची लेथ मशीन सकाळी नऊच्या ठोक्याला सुरू होत असे. रेल्वेच्या वर्कशॉपातून टर्नर म्हणून निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी ती बसवली होती. त्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक मराठी बोलणारं निघालं, याचा त्यांना आनंद झाला.

आलेले गृहस्थ देवदत्त. सरकारी कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर, शिवाय आपल्या ज्ञातिमंडळाचे सेक्रेटरी. मंडळ रोज दवाखान्यातल्या रोग्यांच्या नातेवाइकांना फुकट जेवण पोचवत असे. तिथल्या कणीक मळायच्या मशीनचं कपलिंग तडकलं होतं. मोटरीची फिरती दांडी मळणाऱ्या पात्याशी जोडणारा तो लोखंडी तुकडा. मशीन जुनी, नवा तुकडा कुठे मिळत नव्हता.

गुलाबरावांनी तो बोटांत फिरवला. आतलं छिद्र झिजून लांबट झालं होतं. यावरून माप मिळणार नाही, दांडीच मोजावी लागेल, असं त्यांनी समजावलं. ढिलं बसलं तर कपलिंग घसरतं, पातं मधेच थांबतं आणि मधेच झटक्यानं फिरतं. तेव्हा कोणाचा हात आत असला तर गेलाच. देवदत्तांना पटलं. चार वाजता या, चहाही घेऊ, असं म्हणता म्हणता त्यांची नजर लेथच्या वर भिंतीकडे गेली. तिथे बाबासाहेबांचा फोटो होता. गुलाबरावांच्या पत्नी सत्यभामाबाईंनी त्याच सकाळी त्याला हार घातला होता.

देवदत्तांचा आवाज बदलला नाही. हेच गुलाबरावांना नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

"नाही तर असं करू," ते म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता? माप मीच पाठवतो. आमच्याकडे स्वयंपाकघरात बाहेरच्यांना सोडत नाहीत. जुना नियम आहे हो. माझं स्वतःचं तसं काही नाही."

दुपारी त्यांचा ड्रायव्हर लोकेश एक लाल दोरा देऊन गेला. पूजेतला सुती दोरा, दांडीभोवती गुंडाळून जिथे टोकं जुळली तिथे गाठ मारलेला. सुती दोरा ताणला जातो, माप चुकतं, हे गुलाबरावांना कोणी सांगायची गरज नव्हती. ते तो हातात धरून बसून राहिले.

"तुम्ही सोता जाऊन काहून नाही पाहून येत?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"बोलावलं नाही."

"मंग नाही म्हनाचं होतं. आपलं लोखंड आत चालते, अन् आपन चालत नाही?"

"चारशे मानसं जेवते तिथं," ते म्हणाले.

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. रेल्वेत असताना केसाएवढ्या फरकासाठी त्यांनी साहेबांनी पास केलेलं काम परत पाठवलं होतं. पण मिटलेल्या दारापुढे दुसऱ्यांदा विचारायचं नाही, ही सवय लहानपणापासून अंगात मुरलेली होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोऱ्याच्या मापानं कपलिंग करून दिलं.

बाराव्या दिवशी देवदत्त ते कपलिंग वर्तमानपत्रात गुंडाळून परत घेऊन आले.

"माप जरा चुकलं तुमचं. आमच्या कमलाबाईंची दोन बोटं गेली."

गुलाबरावांनी लेथचा दांडा घट्ट धरला. म्हणाले, "चुकलंच. दोऱ्यावर काम करून द्याले नोको होतं मी. आता मी येतो. दांडी मोजतो."

देवदत्त अडखळले. मग त्यांनी तोड काढली. सहा माणसं लावून मशीन अंगणात काढू, तिथे मोजा.

"सहा मानसं मशीन बाहेर काढतीन, पन एक मानूस आत येऊ शकत नाही." गुलाबरावांनी कपलिंग त्यांच्याकडे सरकवलं. "मंग हे काम माह्याच्यानं होनार नाही, साहेब."

लोक उपाशी राहतील, विचार करा, असं म्हणून देवदत्त कपलिंग तिथेच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी गुलाबराव आणि सत्यभामाबाई दवाखान्यात गेले. कमलाबाई मंडळाच्याच ज्ञातीतल्या, नवऱ्यामागे अकरा वर्षं तिथला स्वयंपाक करून पोट भरणाऱ्या. उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत होता. ते कपलिंग मी केलं होतं, एवढं सांगायला गुलाबरावांना फार वेळ लागला.

"पातं थांबलं होतं, दादा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कणीक फसली असेल." रागाचा एक शब्दही नव्हता. मंडळानं त्यांच्या जागी दुसरी बाई ठेवली होती, तेही त्यांनी तसंच सांगितलं. मग पट्टीकडे पाहत राहिल्या. "तुमचं कपलिंग आलं ना, तेव्हा साहेबांनी गोमूत्रानं धुऊन घ्यायला लावलं. मीच धुतलं. याच हातानं."

सत्यभामाबाईंनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

ते कपलिंग आजही फोटोखालच्या फळीवर पडून आहे. न्यायला कोणी आलं नाही. मंडळाची मशीन बंद, तिथल्या बायका हातानं कणीक मळतात. गुलाबरावांनी दाराला पाटी लावली आहे, "मशीन पाहिल्याशिवाय काम घेतले जाणार नाही." गिऱ्हाईक येतं, पाटी वाचतं, भिंतीकडे पाहतं.

"मशीन आहे तिथवर मले येऊ द्याल न?" गुलाबराव विचारतात.

आणि उत्तर येईपर्यंत ते मापाच्या पट्टीला हात लावत नाहीत.