शेवटची वीस मिनिटं

माझ्या चाचणीच्या खोलीत एकच नियम आहे. सायकलवर माणूस चढला की कुणी बोलायचं नाही, मीसुद्धा नाही. अर्धा तास जीव तोडून पॅडल मारायचं, पहिली दहा मिनिटं सोडून द्यायची आणि शेवटच्या वीस मिनिटांतल्या हृदयाच्या ठोक्यांची सरासरी काढायची. तो त्या माणसाचा उंबरठा. त्याच्या वर गेलात की पाय फार वेळ साथ देत नाहीत. पुढचा सगळा सराव या एका आकड्यावर बेतला जातो. शेजारून कुणी टोमणा मारला तरी आकडा फुगतो, आणि फुगलेल्या आकड्यावर सराव केलेला माणूस महिन्याभरात चिपाड होतो. हे मी दहा वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला पढवत आलोय.

ताई आली तेव्हाही पढवलं. तीन वर्षांनी आली होती, तीही तिच्या प्रशिक्षकाने पाठवलं म्हणून. अशी चाचणी घेणारा जवळपास दुसरा असता तर सख्ख्या भावाच्या दारात तिने पाऊल टाकलं नसतं.

ठोके मोजायला छातीला बांधायचा पट्टा आधी ओला करावा लागतो. मी सांगायला तोंड उघडलं.

"माहितेय. मला शिकवू नकोस," ती म्हणाली.

चव्वेचाळीस वर्षांची बाई, पण तोरा तोच. आठ आठवड्यांनी तिची लांब पल्ल्याची शर्यत होती. पोहणं, सायकल आणि मग धावणं. याच शर्यतीत आधी दोनदा ती धावताना कोसळली होती. या खेपेला पूर्ण झाली नाही तर कायमचं सोडणार, असं मामेबहिणीकडून माझ्या कानावर आलं होतं.

पंखा लावला, घड्याळ चालू केलं. ती सुरेख चालवत होती आणि तेच मला बघवेना. बाबा चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं, सगळं मी केलं. ही रविवारी तासभर यायची आणि उशी नीट नाही म्हणून मला बोलायची. बाबा गेले त्या दिवशी ही दुसऱ्या एका छोट्या शर्यतीत होती आणि फोन बंद होता. त्या दिवसापासून मला तिचा राग आहे आणि तो कमी करायची मला कधी इच्छाही झाली नाही.

दहाव्या मिनिटाला मी सरासरी मोजायचं बटण दाबलं. ठोके एकशे बासष्ट, एकशे त्रेसष्ट, तिथेच स्थिर. मी तिच्या कानाशी वाकलो.

"बाबा शेवटी तुझंच नाव घेत होते. तू मात्र त्या दिवशी चौथी आलीस."

तिने मान वळवली नाही. ठोके एकशे अडुसष्टवर गेले, मग एकशे बहात्तरवर. मलाच पायाखाली तुडवत असल्यासारखी ती पॅडल मारत राहिली. सरासरी आली एकशे एकाहत्तर.

उतरल्यावर तिने तोंड पुसलं. "आकडा खरा आहे?"

चार दिवसांनी पुन्हा ये, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"खरा आहे," मी म्हणालो आणि तक्त्यात लिहिला.

पहिला आठवडा मजेत गेला, खोटं कशाला बोलू. भोगू दे, कळू दे तिलाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र जेवण गोड लागेना. आत्तापर्यंत तिचे पाय जड झाले असतील, झोप उडाली असेल, हे मला पाठ होतं. सकाळी फोन हातात घ्यायचा आणि खाली ठेवायचा. बायकोने काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसलो. पण मी पडतं घ्यायचं म्हणजे काय, या एका हट्टापायी पाच आठवडे काढले.

सहाव्या आठवड्यात ती ठरल्याप्रमाणे दुसऱ्या चाचणीला आली. मी चोरून तिचे डोळे बघितले, पोटऱ्या बघितल्या. बाई ठणठणीत होती. या खेपेला मी तोंडाला कुलूप घातलं. सरासरी आली एकशे त्रेसष्ट.

"आठने खाली आला," मी म्हणालो.

"का?"

"होतं असं कधीकधी."

ती बाकावर बसून बुटांचे पट्टे सोडवू लागली. "तू कानाशी आलास तेव्हाच मला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी घरी दार लावून एकटीने पुन्हा केली. एकशे त्रेसष्टच आला. सगळा सराव त्याच्यावर केला."

"मग आज कशाला आलीस?"

"तू सांगतोस का बघायला. पाच आठवडे वाट पाहिली तुझी." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "बाबा गेले त्या दिवशी शर्यत म्हणून फोन बंद होता माझा. ते घेऊनच मी मरणार आहे. पण तू मला कोसळायला पाठवत होतास, आणि तुला ते रोज माहीत होतं."

पेन घेऊन मी तक्त्यातल्या तिच्या नावापुढचा एकशे एकाहत्तर खोडायला गेलो.

"खोडू नकोस," ताई म्हणाली. "शर्यत झाली की मी परत येणार आहे. तेव्हा तो मला तिथेच दिसला पाहिजे."