उन्हात वाळत घातलेली रेकॉर्ड

मित्रांनो, मी एक जुनी विलायती रेकॉर्ड आहे. काळी, गोल आणि सध्या जरा वाकडी. मी तरुण आहे की म्हातारी, हेच मला कळेनासं झालंय.

माझ्या दोन्ही बाजूंची मिळून एकच गोष्ट आहे. पहिल्या बाजूला एक मुलगा गिटारच्या दणदणाटात बापाशी भांडून घर सोडतो. दुसऱ्या बाजूला तोच म्हातारा होऊन आपल्या मुलाची वाट बघतो. गंगारामने मुंबईत नोकरीला असताना मला घेतलं आणि सुट्टीत चिपळूणला आणलं. तो फक्त पहिली बाजू लावायचा. "काय हा गोंगाट!" त्याचे वडील ओरडायचे, की गंगाराम आवाज आणखी वाढवायचा. मला भारी मजा वाटायची.

वर्षं गेली, गंगाराम स्वतः म्हातारा होऊन चिपळूणला राहिला, आणि मग वाशिष्ठी नदीचा पूर आला. त्याचा धाकटा मुलगा केतन म्हणाला, "आप्पा, हे घर विका नि मुंबईला चला." गंगारामने साफ नकार दिला. केतन दार आपटून गेला, तो गेलाच. मी गोंधळले. हे तर माझं गाणं! पण या खेपेला गंगाराम दाराच्या आत होता.

पुराचा चिखल माझ्या अंगावर तसाच होता. पुढच्या वैशाखात थोरली सून नम्रता हिने मला साबणाने धुतलं आणि अंगणात कोकमाच्या सोलांशेजारी वाळत घातलं. तिची माया खरी होती. सोलं छान सुकली, मी मात्र वाकले.

आता नम्रताची लेक दीक्षा आपली गाणी लावते, तेव्हा गंगारामच ओरडतो, "काय हा गोंगाट!" वडील परत आले की काय, म्हणून मी दचकते.

परवा तो नातीला म्हणाला, "दीक्षा, हिची दुसरी बाजू लाव गो."

सुई वाकलेल्या जागी आली आणि अडकली. "पोरा, घरी ये," एवढीच ओळ मी माझ्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गंगाराम मान खाली घालून बसला होता. दीक्षाने केतनला फोन लावला आणि माझ्यासमोर धरला.

तिकडून आवाज आला, "आप्पा, रेकॉर्ड अडकलीय काय?"

"अडकलीय रे." गंगाराम फोनकडे वाकला. "तू ये नि सोडव."

"शनिवारी येतो."

मी बिघडले म्हणून रडू, की हसू? मित्रांनो, रेकॉर्ड कधी उन्हात घालू नका. तिच्या दोन्ही बाजू वेळेवर ऐका. पण मला मात्र शनिवारपर्यंत कुणी दुरुस्त करू नका.