एकशेसतराशी थांबलेली ओळ

मी एक ओळ बोलतेय. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांनी लिहिलेली, वीतभर लांबीची हुकमाची ओळ. मला ना रंग ना रूप. एंटर दाबलं की माझ्यात जीव येतो, काम सरलं की जातो.

मला जन्म दिला एका लेकीने, तोही घाईघाईत. तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करणारे. हात सोन्यासारखा. दुकान उघडण्याआधी रोज सकाळी फोनपुढे बसून ते एक धडा बोलायचे, दूर गेलेल्या शिकाऊंसाठी. धडा एका वेबसाइटवर जायचा. त्याला आकडा मात्र बाबा स्वतः घालायचे: ००१, ००२, असे. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला तो गेलाच. जो काही उरला, तो त्या फाइलींत. आणि मी जन्मले त्याच संध्याकाळी सहाला ती वेबसाइट कायमची बंद होणार होती. लेक दुसऱ्या गावाहून धावत आली ती त्यासाठीच.

यादीचं पान आधीच नाहीसं झालं होतं. नेमका आकडा सांगाल तरच फाइल मिळणार. मग लेकीने मला लिहिलं: एकपासून निघ, एकेक आण, नाही सापडली की थांब. पहिल्या खेपेला ती आकड्याआधीची शून्यं विसरली, म्हणून मी हात हलवत परत आले. शून्यं घातली, तशी सुटले.

"अगं, नुसती बघत काय बसलीस? उतरव की भराभर," आई म्हणाली.

"उतरतंय आई. ही ओळच आणतेय सगळं."

"बरं आहे बाई. सांगितलं काम मुकाट्याने करणारं या घरात पहिल्यांदाच कुणी आलं."

बाबा हसले. आवाज नाही, खांदे तेवढे हलले.

एकशेसतरा आणल्या. एकशेअठरा नव्हती. सांगितल्याप्रमाणे मी थांबले.

"झालं," लेक म्हणाली आणि तिने डोळे पुसले. "संपले धडे."

"संपले कसे?" आई दारातच थबकली. "दवाखान्यातून आल्यावरही हे बसायचे की रोज सकाळी. दार लावून."

"आई, आवाज गेल्यावर बाबा काय बोलणार?"

"ते मला काय ठाऊक? बसायचे, एवढं या डोळ्यांनी पाहिलंय."

बाबांनी कागद ओढला आणि लिहिलं: 'आकडा दिवसाचा. दवाखान्यातले दिवसही मोजले.'

घड्याळात पावणेसहा. तिने कीबोर्डवरचा वर जाणारा बाण दाबून मला परत बोलावलं, 'थांब' पुसलं आणि लिहिलं, 'पुढे जा'. वर बजावलं, चारशेपर्यंत.

एकशेअठरा, नाही. एकशेएकोणीस, नाही. एकोणीस दारं ठोठावली, आत चिटपाखरू नव्हतं. एकशेसदतिसाव्या दाराने ओ दिली. तिथून दोनशेचारपर्यंत एकही दिवस खाडा नव्हता. सहाला पाच कमी असताना शेवटची फाइल मी घरात आणली.

लेकीने एकशेसदतिसावा धडा लावला. शब्द एकही नाही. एका घड्याळाची टिकटिक, मग दुसऱ्याची. पुन्हा पहिल्याची, पुन्हा दुसऱ्याची.

बराच वेळ ती कान देऊन बसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, दुसरं लंगडतंय का?"

बाबांनी मान डोलावली.

"मग त्याचं बिघडलंय काय?"

त्यांनी पुढच्या आकड्यावर बोट ठेवलं.

आता मी जुन्या हुकमांच्या ढिगात पडून आहे. वर रोज नव्या ओळी येतात. एक दिवस मी तळातून गळून जाईन, त्याचं दुःख नाही. मागणं एकच. कुणाला काही आणायला धाडाल, तर एका दाराने ओ दिली नाही म्हणून लगेच माघारी बोलावू नका. आजारपणातले दिवस मुके असतात, ते शेवटचे असतातच असं नाही.

लेकीने रजा वाढवलीय. रोज सकाळी दोघं शेजारी बसतात. आज एकशेपंचेचाळिसावा धडा लागलाय, बाबा शिकवतायत. येते मी.